मी घासलेलं गाडगं

"कोणी घासलं हे? मी विचारतेय, कोणी घासलं?"

मॅडमचा आवाज एवढा चढला होता की क्रेटमध्ये वाळत पडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापऱ्या खडखडल्या. मॅडमच्या उत्खननातल्या खापऱ्या धुवायला सदाशिव पेठेतल्या एका शाळेची मागची रिकामी खोली आम्हाला वापरायला मिळाली होती. खोलीच्या समोर दातांचा दवाखाना. तिथला पेशंट तोंड तसंच उघडं ठेवून खिडकीशी आला आणि त्याच्या मागोमाग डॉक्टरही हातात चिमटा घेऊन आले, असं मी नंतर पुष्कळ ठिकाणी सांगितलं. पेशंट आला होता, हे शपथेवर सांगतो. चिमट्याचं तेवढं माझं.

अशा वेळी शहाणा माणूस खाली बघतो. मी हात वर केला. हात वर करून थांबलो नाही, उठलो, शर्ट खाली ओढला, आणि लग्नात आहेर घेताना करतात तसा चेहरा करून म्हणालो, "छे हो मॅडम, त्यात काय एवढं!"

मला वाटलं होतं, कौतुक चाललंय.

मॅडमच्या हातात एका मडक्याचं बूड होतं. चांगलं दोन्ही हातांत मावेल एवढं, कडा तुटलेल्या, पण तळ शाबूत. आतून ते असं लखलखत होतं की मला त्यात स्वतःचा भांग दिसत होता. आता मला भांग पाडण्याइतके केस उरलेले नाहीत, पण असते तर दिसला असता.

"काका," मॅडमनी आवाज खाली आणला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. "यावर चिठ्ठी होती."

"होती ना."

"काय लिहिलं होतं तिच्यावर?"

"'धुवू नये.'"

"मग?"

"मी कुठे धुतलं? कोरडं घासलं."

त्या खाली एका उपड्या क्रेटवर बसल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. उन्हातान्हात महिनाभर खड्ड्यात उभं राहून रापलेला चेहरा. रडल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो; बोलण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. पण त्या नुसत्या त्या बुडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, मडकी आपल्याकडे सहा पोती आहेत. मला ते आतलं काळं हवं होतं."

खिडकीतल्या पेशंटनं तोंड मिटलं.

आता माझी बाजू. मी तीस वर्षं एका कंपनीची भांडी विकली. दुकानात बसून नव्हे. गावोगाव हिंडून, महिला मंडळांपुढे प्रात्यक्षिकं करून. स्टेजवर शेगडी मांडायची, कढईत दूध ओतायचं, आणि बायकांशी गप्पा मारत मारत ते दूध मुद्दाम करपवायचं. वास सुटला की बायका "अहो, अहो, दूध!" करून ओरडायच्या. मग मी कढई रिकामी करून बुडाला चिकटलेली काळी खरपुडी सगळ्यांना दाखवायचो, मोठा श्वास घ्यायचो, आणि माझ्या खास तारेच्या घासणीचा एकच हात फिरवायचो. टाळ्या! कोल्हापुरात एकदा एका बाईंना आनंदानं भोवळ आली होती. (भोवळ उकाड्यानं आली होती, पण ती माझ्या प्रात्यक्षिकातच आली, हे कुणी नाकारू शकत नाही.) म्हणजे बघा, भांड्याच्या बुडाला चिकटलेलं काळं दिसलं की ते काढायचं, एवढ्या एकाच गोष्टीचं या जगात मला शिक्षण मिळालेलं आहे. आणि पुरातत्त्ववाल्यांनी मला नेमकं भांड्यांशेजारी बसवलं.

बसवलं म्हणजे, मीच जाऊन बसलो. निवृत्त झाल्यावर मी आमच्या भागातल्या एका हौशी मंडळात शिरलो. हे मंडळ दर रविवारी लोकांना जुनी देवळं, बारवा, वेशी दाखवत हिंडायचं. मी तीन रविवार मुकाट ऐकलं. चौथ्या रविवारी माहिती सांगणाऱ्याचा घसा बसला आणि त्याच्या जागी मी उभा राहिलो. त्या दिवशी एका साध्या बारवेतून मी दिल्लीपर्यंत जाणारं भुयार काढलं. लोक खूश झाले. मंडळाच्या अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की, बोलणं खूप झालं, आता तुम्ही हातानं काहीतरी करा. त्याच सुमाराला मॅडमना खापऱ्या धुवायला माणसं हवी होती.

खापऱ्या धुणं हे काम तुम्हाला वाटतं तसं नाही. टबात पाणी, हातात जुना दात घासायचा ब्रश, आणि एकेक तुकडा अंगठ्यानं चोळत माती काढायची. मग चाळणीवर वाळत घालायचा, आणि वाळला की त्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात कुठल्या खड्ड्यातून, कुठल्या थरातून आला ते लिहायचं. मंडईतून आणलेले भाजीचे क्रेट भिंतीला लावून ठेवलेले. जिथे कालपर्यंत टोमॅटो होते तिथे आता आपले पूर्वज. मी रोज दुपारी जायचो. पहिल्याच आठवड्यात माझ्या खापऱ्या इतरांपेक्षा स्वच्छ निघतात, असा माझा मीच निकाल दिला.

ते बूड कागदात गुंडाळून वेगळं ठेवलेलं होतं. चिठ्ठीसकट. पण पुण्यात जन्म गेलेल्या माणसाला चिठ्ठीचं काय हो? इथे बोळाबोळात पाट्या. 'येथे थुंकू नये', 'बेल एकदाच वाजवावी', 'पत्ता विचारू नये, आम्हालाही माहीत नाही'. लहानपणापासून आम्ही पाटी वाचतो ती लिहिणाऱ्याच्या स्वभावाचा अंदाज घ्यायला. पाळायची ती इतरांनी. 'धुवू नये' वाचलं आणि मी मनात म्हणालो, बरोबर आहे, हे काम नवख्यांच्या हातचं नाहीच, अनुभवी माणूस पाहिजे. दुसऱ्या दिवशी घरून माझी जुनी घासणी घेऊन आलो.

चाळीस मिनिटं लागली. दोन हजार वर्षांची खरपुडी! कोल्हापूरच्या दुधाला मी कधी चार सेकंद दिले नव्हते. घामाघूम झालो. खाली सांडलेली काळी भुकटी मीच केरसुणीनं भरली आणि बाहेर नळापाशी टाकून त्यावर बादलीभर पाणी ओतलं. मी काम अर्धवट ठेवत नाही.

आता त्या काळ्याचं महत्त्व काय, ते मॅडमनी त्या क्रेटवर बसूनच मला सांगितलं. शांतपणे, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला सांगतात तसं. ती खरपुडी म्हणजे कुणाचं तरी करपलेलं जेवण होतं. प्रयोगशाळेत पाठवली असती तर त्यांनी ते काय होतं ते बऱ्यापैकी सांगितलं असतं. आणि ते सांगता येणं फार गरजेचं होतं, कारण ते एका माणसाला कबूल केलेलं होतं.

तो माणूस म्हणजे हडपसरच्या आत्या.

हडपसरला उंच इमारतींच्या आणि आयटीवाल्यांच्या काचेच्या डब्यांच्या मधोमध जमिनीचा एक तुकडा उरला होता. बाकीची शेती आत्यांच्या कुटुंबानं हळूहळू विकली, काहीवर स्वतःच इमारत बांधली आणि तिच्या चौथ्या मजल्यावर राहायला गेले. हा एक तुकडा तेवढा आत्यांच्या नावावर. त्यावर पांढऱ्या मातीचा उंचवटा. अशी पांढरी माती असली की तिथे कधीकाळी वस्ती होती, हे गावातल्या माणसाला पुस्तक न वाचता माहीत असतं. मॅडमनी सरकारी परवानगी मिळवली होती, खोकंभर कागद होते. पण सरकारचा कागद सरकारपुरता. त्या जमिनीवर पाय ठेवायचा तर आत्या "हाय" म्हणाल्या पाहिजेत.

आत्या म्हणाल्या होत्या, "खना. पर नुसत्या खापऱ्या उचलून पुन्याला नेऊ नगा. हितं आमच्याआधी कोन होतं, राजा का परजा, त्याच्याशी मला काय करायचं न्हाई. त्ये खात काय होते, तेवढं मला सांगा."

का, ते मॅडमनी विचारलं होतं. आत्या म्हणाल्या, "मी पन्नास वर्सं त्या मातीवर चूल पेटवली. शेजारनीकडं काय शिजतंय, बाईला ठावं नको व्हय?"

तर अर्धा तुकडा खणून झाला होता. उरलेल्या अर्ध्याला आत्यांनी अजून होकार दिला नव्हता. त्यांचा मुलगा पाडव्याला जेसीबी लावायच्या तयारीत होता. तो अर्धा भाग म्हणजे नव्या इमारतीच्या पार्किंगची जागा, तिथे तीस फूट खोल जायचं होतं, म्हणजे खाली जे काही असेल ते डंपरमधून थेट कुठल्यातरी भरावात. मॅडमनी ठरवलं होतं की, रविवारी गावातल्या शाळेत लोकांसाठी खापऱ्या मांडायच्या, सगळ्यांना बोलवायचं, आणि ते बूड आत्यांच्या हातात द्यायचं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्या काळ्याचा चिमूटभर नमुना काढून डबीत भरायचा. म्हणूनच आधी काढला नव्हता. 'ज्यांच्या जमिनीतून निघालं, त्यांच्यासमोर उघडायचं,' ही मॅडमची पद्धत. मग उरलेला अर्धा भाग खणायला पंधरा दिवस मागायचे.

आणि मी त्या पद्धतीवर तारेची घासणी फिरवली होती.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, माझ्या सोयीनं. तरी तिनं स्वयंपाकघरातून एकच विचारलं, "म्हणजे तुम्ही भांडं घासलंत?"

"हो."

"स्वतः?"

"अगं, प्रश्न तो नाहीये—"

"लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "आपल्याकडे चहाचा कप विसळायला तुमचा हात दुखतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं मात्र लख्ख करून दिलंत."



रविवारी सकाळी मी हडपसरला सगळ्यांच्या आधी पोचलो. मॅडमनी मला बाजूला घेतलं. "काका, आज तुम्ही फक्त खुर्च्या मांडायच्या."

"पण कुणी काही विचारलं तर?"

"तर म्हणायचं, मी खुर्च्या मांडतो."

मी मांडल्या. अशा मांडल्या की तिथे पंतप्रधानांचा शपथविधी घेता आला असता. पण छातीवर मंडळाचा बिल्ला होता, आणि बिल्ला बघून दहा वाजता पाच-सहा माणसं माझ्यापाशी आली. टॉवरमध्ये राहणारी, सुटीच्या दिवसाचे बूट घातलेली. एकानं विचारलं, "सर, हे पॉट्स वगैरे, म्हणजे इथे एक्झॅक्टली काय होतं?"

मी म्हणालो, "मी खुर्च्या मांडतो." अगदी सांगितल्याप्रमाणे. त्यावर तो जायला वळला. आणि कुणी माझ्यापुढून न ऐकता परत जायला लागलं की मला राहवत नाही. तीस वर्षांची सवय. मी म्हणालो, "तरी पण..."

त्या 'तरी पण'नंतरचं सगळं मला नीट आठवत नाही. टेबलावरचं ते बूड माझ्या हातात कसं आलं, तेही आठवत नाही. एवढं आठवतं की सुरुवातीला ते एका कुटुंबाचं मडकं होतं. मग लोक वाढले, तसं कुटुंब वाढलं. वीस माणसं जमली तेव्हा ते एका सरदाराचं स्वयंपाकघर झालं. पन्नास जमली तेव्हा व्यापाऱ्यांचा तांडा उतरला, दोनशे बैल, चार उंट, आणि मिशा असलेला एक आचारी, ज्याचा दबदबा असा की त्यानं फोडणी दिली की थेट जेजुरीला ठसका लागायचा. पदार्थ अकरा झाले होते. बाराव्याला मी केशर घालत होतो. मॅडम गर्दीच्या पलीकडून हातवारे करत होत्या. मला वाटलं, मोठ्यानं बोला म्हणतायत. मी मोठ्यानं बोललो.

तेवढ्यात पुढची खुर्ची सरकली. एक बाई येऊन बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, पायात नातवाचे वाटावेत असे पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. गर्दी आपोआप थोडी मागे झाली, त्यावरून मी ओळखलं की या आत्या.

"ओ पुन्याचं पावनं," त्या म्हणाल्या. "बारा जिन्नस?"

"बारा!" मी म्हणालो.

"दोनशे बैलांच्या मानसांचे?"

"अहो आत्या, जास्तच असतील!"

"ह्या येका गाडग्यात?"

लोक हसले. आयटीवाले हसले, गावातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, मीही हसलो, कारण विनोद चांगला होता. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. मी बूड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, नखानं टिचकी मारली. मग आतून अंगठा फिरवला. एकदा, आणि परत एकदा, सावकाश. नाकाशी नेलं.

"बाहेरनं चुलीचं काळं हाय," त्या म्हणाल्या. "आतनं कोरं. कुनी घासलं ह्ये?"

आठवड्यात दुसऱ्यांदा तोच प्रश्न. मॅडम आता पुढे आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की त्या स्वतःवर घेणार. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा: "आत्या, आमच्याकडून एक चूक—"

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी दुसऱ्याच्या नावावर खपवल्या आहेत. त्या दिवशी का कोण जाणे, जमलं नाही. "मी घासलं," मी म्हणालो. "आत करपलेलं जेवण होतं. तुम्हाला जे हवं होतं ते त्यातून कळलं असतं. चिठ्ठी होती धुवू नका म्हणून. मी घासलं. बारा पदार्थ माझ्या मनचे. उंटसुद्धा. काय शिजत होतं ते आता कुणालाच माहीत नाही."

माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या खुर्चीवरून आत्यांचा मुलगा पुढे वाकला. "आई, झालं की नाही? अर्धं खणलं, त्याचं हे असं केलं. आता उरलेलं खणून आणखी काय दिवे लावणार? पाडव्याला मशीन येऊ दे."

आत्यांनी त्याला हातानं थांबवलं. ते बूड मांडीवर ठेवलं.  मी तेवढ्यात देवाला जे काही कबूल केलं, ते इथे लिहीत नाही, कारण त्यातलं अजून काहीच पाळलेलं नाही.

"म्हंजे," आत्या मॅडमना म्हणाल्या, "मला सांगायचं ऱ्हायलंच की तुमचं."

"हो, आत्या."

"मंग त्या अंगाला खना. आट दिस. पाडव्याच्या आत काय घावंल ते. मला उत्तर पायजे." आणि मुलाकडे न बघता, "मशीन आट दिसानं बुडत न्हाई."

पंधरा मागायचे होते, आठ मिळाले. मॅडमचे डोळे भरून आले होते. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, एवढ्यात आत्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"आन् ह्यास्नी भांड्याजवळ बशिवू नगा."

ते आठ दिवस मी त्या जमिनीवर सगळ्यांत महत्त्वाचं काम केलं, असं मी सांगतो. मंडळातले लोक सांगतात की मी पाण्याचा पाइप धरला. दोन्ही खरंच आहे. पाचव्या दिवशी मॅडमना खड्ड्याच्या कोपऱ्यात एक चूल सापडली. तीन बाजूंनी मातीचा कठडा, मध्ये राखेचा थर, वर एक लाल पडलेला दगड. मला वाटलं, आता ती राख कुठल्यातरी यंत्रात जाणार. तर मॅडमनी प्लास्टिकचा निळा ड्रम आणवला, आपला पाणी साठवायचा असतो तो. त्यात पाणी भरायचं, राखेची माती हळूच सोडायची, हातानं ढवळायची आणि थांबायचं.

पाइप माझ्याकडे. हात लावायची परवानगी नाही. ड्रमवर मॅडमनी खडूनं लिहिलं होतं: 'काकांनी लांब उभं राहावं.' ही पाटी मी पाळली.

गावातल्या बायका बघायला आल्या होत्या. आत्या रोजच यायच्या, खुर्ची घेऊन, स्पोर्ट्स शूज घालून. मॅडम त्यांना प्रत्येक गोष्ट दाखवत होत्या, त्यांच्या हातात देत होत्या. माती खाली बसली, आणि पाण्यावर काळे बारीक ठिपके तरंगत वर आले. मॅडमनी ते बारीक चाळणीत धरले. मी मान लांब करून बघितलं. मला वाटलं, मुंग्या. मॅडम म्हणाल्या, "जळालेले दाणे. जळाले म्हणून टिकले." आत्यांनी चाळणीवर वाकून बराच वेळ बघितलं.  "तुमचा तपासनारा काय म्हनतोय ते बघू," एवढंच म्हणाल्या.

पाडव्याला गुढी उभारून झाली, आणि दुपारी मशीन आलं. मी बघायला गेलो होतो. पहिलं फावडं जिथे पडलं तिथेच चूल होती. चुलीचे फोटो, मापं, राखेच्या पिशव्या सगळं तोवर बाहेर निघालं होतं. पण तरीही मॅडम तोंड फिरवून उभ्या होत्या. त्या दिवशी मी काही बोललो नाही, याची नोंद व्हावी.

दाण्यांचा अहवाल दसऱ्याच्या आसपास आला. मॅडमनी तो आधी कुठल्या परिषदेत वाचला नाही की कुठल्या मासिकाला पाठवला नाही. "आधी आत्या," त्या म्हणाल्या. मला बरोबर चला म्हणाल्या, हा त्यांचा मोठेपणा. की लक्ष ठेवायला नेत होत्या, कोण जाणे.

आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो. गॅलरीतून खाली पार्किंगचा खड्डा दिसत होता, लोखंडी सळ्यांचं जंगल. सुनेनं चहा दिला. आत्यांनी चष्मा लावला, जणू उत्तर वाचायचं आहे. मॅडमनी अहवालातलं सगळं सोप्या मराठीत सांगितलं: चुलीतले बहुतेक दाणे एकाच जातीचे, थोडं आणखी काही, पण मुख्य ते एकच. इथल्या बायका बहुधा तेच रोज शिजवत असाव्यात.

"कसले?" आत्यांनी विचारलं.

"हुलगे."

मी माझं तोंड दोन्ही ओठांनी घट्ट बंद केलं होतं, तरी ते उघडलं. "आत्या, हुलगे म्हणजे कुळीथ, सामान्य नव्हेत! त्या काळी हुलग्यांना जे स्थान—"

मॅडमनी नुसतं "काका" म्हटलं. मी चहा प्यायलो.

आत्या गॅलरीकडे बघत होत्या. खाली मिक्सरचा ट्रक आवाज करत मागे येत होता. मग त्यांनी विचारलं, "आन् त्या गाडग्यात? त्यातबी त्येच?"

"ते नक्की सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. खोटं त्यांना बोलता येत नाही. आमच्या दोघांत हा एक फरक आहे. "चुलीत हुलगे होते, एवढंच. गाडग्यातलं तर..." त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"त्येच आसनार," आत्या म्हणाल्या. "हुलग्याच्या पिठाचं माडगं शिजिवलं की तसंच बुडाला लागतं." आणि माझ्याकडे वळल्या. मी कप खाली ठेवला.

"चाळीस मिन्टं घासलं म्हनं तुमी?"

"हो, आत्या."

"माडगं लागलं तर घासायचं नस्तं," त्या म्हणाल्या. "भिजत घालायचं."